वेलीचं चित्र बाहेर काढताना

चित्रं अकरा होती. त्यांत पक्षी सत्तावीस, मासे नऊ, झाडं एकोणीस आणि माणूस एकही नाही. सत्तावीसपैकी एकाही पक्ष्याच्या पायाला मागचं बोट नव्हतं. मामाला विचारलं तर म्हणाला, भविष्यात नसेल. मग फांदीवर बसलेले हे बारा पक्षी फांदी धरतात कशाने, असं विचारल्यावर तो ब्रश धुवायला लागला.

माझी वनस्पतिशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडली होती आणि नोकरी लागायची होती, म्हणून मामाने मला बोलावून घेतलं होतं. त्याच्या प्रदर्शनाला ‘शास्त्रीय बैठक’ हवी होती. म्हणजे चित्रांखाली लावायच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या आणि त्याने त्यातले आकडे खोडून ‘आक्रोश’ हा शब्द घालायचा. मालिकेचं नाव ‘हरितोत्तर’. शंभर वर्षांनंतरचा निसर्ग आपल्याला दिसतो, असं तो मुलाखतींत सांगायचा. आजचा निसर्ग त्याने बघितल्याचा पुरावा मात्र मला सापडला नाही. खोलीचे पडदे ओढलेले, एसी बावीसवर, आणि झाड बघायचंच झालं तर फोनवर.

अपवाद एकच, मागच्या खिडकीतली वेल. मामीने लावलेलं कृष्णकमळ. ते खालच्या गजांना वेढे घालत वर मामीच्या खिडकीपर्यंत गेलं होतं. मामी तिथे शिवणाचं मशीन घेऊन बसायची. त्या खोलीवर दुपारभर ऊन यायचं आणि ते अडवायला या वेलीशिवाय दुसरं काही नव्हतं. दोन वर्षं जपून तिने ती तिथवर नेली होती.

यंदा वेलीची डावी बाजू करपली. मामाला साक्षात्कार झाला. ही वेल येणाऱ्या काळाची पहिली साक्षीदार आहे, असं म्हणून त्याने मालिकेतलं सगळ्यात मोठं चित्र तिच्यावर काढलं. मी बाहेर जाऊन करपलेल्या पानांशी हात धरला. एसीचा बाहेरचा डबा तिथून हातभर अंतरावर होता आणि त्याचा गरम झोत नेमका डाव्या बाजूला लागत होता. मी हे मामाला सांगितलं. तुम्हा विज्ञानवाल्यांना रूपक कळत नाही, असं तो म्हणाला आणि गार खोलीत जाऊन वेलीचं आणखी एक पान करपवायला बसला. चित्रातलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी टेम्पो आला. दोन हमालांनी दहा चित्रं नेली. अकरावं दारात अडकलं.

त्याचं असं झालं होतं की चौकटीच्या पट्ट्या सुट्ट्या आत आल्या होत्या. सुताराने त्या खोलीतच जोडल्या, कापड खोलीतच ताणलं, आणि मामाने त्यावर तीन महिने रंग थापला. दोनशे चाळीस बाय तीनशे दहा सेंटिमीटर. शंभर वर्षांपुढचं दिसणाऱ्या माणसाला चार पावलांवरचं दार दिसलं नव्हतं. कापड काढून गुंडाळावं, तर रंग सुरीने इतका जाड लावलेला की पापुद्रे पडले असते. हमालांनी ते उभं धरलं, आडवं धरलं, तिरकं धरलं. त्यातला वयस्कर हमाल म्हणाला, साहेब, घर आधी बांधलं की चित्र आधी काढलं? मामा हसला नाही.

मग त्याची नजर मागच्या खिडकीकडे गेली. गज आणि चौकट काढली तर वाट मोकळी होणार होती. पण गजांत वेल होती.

मामी खाली आली ती हातात कात्री घेऊनच, शिवण अर्धवट सोडून. तिने आधी समजुतीने घेतलं. दुपारपर्यंत वेळ द्या, एकेक वेढा हाताने सोडवते, म्हणाली. टेम्पो थांबणार नाही, असं मामाचं म्हणणं. तीन कलासमीक्षक उद्या फक्त या एका चित्रासाठी येणार आहेत, हेही त्याने सांगितलं.

“म्हणजे वेल कापून वेलीचं चित्र बाहेर काढणार,” मामी म्हणाली. “आणि तिथे उभं राहून लोकांना काय सांगणार? वेली जपा?”

“अगं, वेल काय, पुन्हा येते. कलाकृती एकदाच होते.”

“मग पुढची दारातून जाईल एवढी करा.”

हमालांनी माना फिरवल्या. मी म्हटलं, मामा, कापण्याआधी खिडकी मोजू या. त्यावर त्याने मला सुनावलं की सगळ्याला फूटपट्टी लावत बसल्यामुळेच तुमच्या पिढीची कल्पनाशक्ती खुरटली आहे, आणि त्याच्या नजरेला अंदाज कळतो, तीस वर्षं तेच काम करतोय. मामी माझ्याकडे वळून म्हणाली, “मशीनच्या खणात टेप आहे. पळ.”

मी वर गेले. खणात रिळं, बटणं, खडू, आणि टेप सगळ्यात खाली. ती काढून मान वर केली तर खिडकीतली पानं हलत होती. वारा नव्हता. मग सगळी वेल एकदम खाली ओढली गेली आणि मामीच्या मशीनवर, अर्ध्या शिवलेल्या कापडावर, ऊन पडलं.

खाली मामाच्या हातात सुतार विसरून गेलेली करवत होती. कृष्णकमळाचा बुंधा अंगठ्याहून जाड होता, त्यामुळे कापताना त्याला धाप लागली होती. एवढे कष्ट त्याने कुठल्याही झाडासाठी केलेले मी पाहिले नव्हते. ढिगाशी बसून मामीने हिरवे तुकडे वेगळे काढायला घेतले.

हमालांनी गज काढले, चौकट काढली, भिंतीत स्वच्छ भोक उरलं. त्यांनी चित्र उचललं. मामा सांगत होता, उभं घ्या, जरा डावीकडे, आता तिरकं, अजून तिरकं. वरचा कोपरा विटेला घासला आणि शंभर वर्षांनंतरच्या आकाशाचा एक पापुद्रा खाली पडला.

“अगं, ती टेप आण बरं इकडे,” मामा म्हणाला.

मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप धरली. खिडकीचा कर्ण दोनशे अठ्ठावीस सेंटिमीटर. चित्राची लहान बाजू दोनशे चाळीस.