ताईचं मत

मुलींच्या बास्केटबॉल संघाचे मोठे सर हंगाम अर्ध्यावर असताना दुसऱ्या कॉलेजात निघून गेले, आणि जाताना संघातली सगळ्यात उंच मुलगीही घेऊन गेले. राजीनामा सकाळी आला, सामना संध्याकाळी होता. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मग कुणीतरी त्यांना आठवण करून दिली, की सहायक म्हणून एक माणूस इतकी वर्षं चेंडूंत हवा भरतोय, मुलींचे घोटे बांधतोय, मोठे सर ओरडले की मागाहून त्यांची समजूत काढतोय. त्यालाच करा उभा. तसं त्याला उभं केलं. नेमणुकीच्या पत्रात शब्द होता, हंगामी प्रशिक्षक.

हा माणूस म्हणजे कॉलेजच्या उपप्राचार्यांचा धाकटा भाऊ. उपप्राचार्यांना अख्खं कॉलेज ताई म्हणायचं, तेही त्याच्याचमुळे. कामावर रुजू झाला त्या दिवशी त्यानं भर ऑफिसात विचारलं होतं, "ताई, माझी खुर्ची कुठली?" आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. ताईला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता लोक म्हणणारच, बहिणीनं भावाची वर्णी लावली.

खरं तर तिनं त्याच्यासाठी कधी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. इतरांच्या रजेचा अर्ज ती एकदा वाचायची, त्याचा दोनदा. आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याचे डबे, त्याची दुखणी, त्याचे फुटलेले गुडघे, सगळं ताईनंच काढलं. घरी ती त्याची आईच होती, म्हणून कॉलेजात ती त्याची कुणीच नव्हती. तिनं स्वतःला तशी शिस्तच लावून घेतली होती.

धाकट्याच्या हाताखाली संघ पहिला सामना सडकून हरला. दुसराही हरला. मग त्यानं सरावात एक विचित्र नियम काढला: चेंडू जमिनीवर आपटायचाच नाही, फक्त एकमेकींकडे द्यायचा. उंच मुलगी होती तेव्हा तिच्याकडे चेंडू पोचवला की झालं, अशी सगळ्यांना सवय लागली होती. आता प्रत्येकीला धावणं भाग होतं, आणि धावताना दुसरी कुठं आहे ते बघणंही. मुली आधी हसल्या, मग वैतागल्या, मग जिंकायला लागल्या. मोठे सर कोर्टाच्या कडेला उभं राहून घसा फोडायचे. हा खुर्ची असून खाली मांडी घालून बसायचा, आणि शिट्टी बहुतेक वेळा ऑफिसातच विसरून आलेला असायचा. असं करत करत संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला, आणि तिथं एका बास्केटनं हरला.

हंगाम संपला तसा प्रश्न उभा राहिला. याला कायम करायचं, की बाहेरून कुणी नावाजलेला माणूस आणायचा? स्टाफरूममध्ये दोन तट पडले. शेजारच्या पोराचा कुंपणापलीकडून आलेला चेंडू परत फेकण्यापलीकडे ज्यांनी आयुष्यात चेंडू धरला नव्हता, तेही डावपेचांवर तावातावानं बोलायला लागले. एक म्हणायचे, पडत्या काळात ज्यानं संघ सावरला त्याला आता काढणं म्हणजे कृतघ्नपणा. दुसरे म्हणायचे, सावरणं वेगळं आणि वाढवणं वेगळं. माणूस मऊ आहे, मुली डोक्यावर बसतील. ताई आत आली की दोन्ही तट एकदम हवापाण्यावर बोलायला लागायचे. ते हवापाणीच ताईला जास्त लागायचं.

अशातच एका रविवारी दुपारी धाकटा तिच्याकडे आला. ओट्याशी उभा राहून तिच्याबरोबर मटार सोलायला लागला.

"ताई, एक सांगू? हसू नकोस."

"सांग की."

"शेवटचा टाइम आऊट घेतला ना, तेव्हा माझं डोकं एकदम कोरं झालं. बोर्ड हातात, पेन हातात, पोरी सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. आपण कुठल्या बाजूला बास्केट टाकतोय तेही क्षणभर आठवेना."

"मग?"

"मग काय, कर्णधारानं माझ्या हातातलं पेन घेतलं. तिनंच काढलं काहीतरी बोर्डावर." तो हसला, पण हातातली शेंग तशीच राहिली. "आणि सामन्याआधी मला उलट्या होतात. प्रत्येक वेळी. बायकोलाही माहीत नाही हे. तुलाच सांगतोय."

ताईनं सोलणं थांबवलं. "अरे, मग कशाला हा जीवाला घोर? सहायक होतास तेव्हा बरा होतास की."

"नाही गं," तो म्हणाला. "मला हवंय ते. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं."

ताईनं पातेलं पुढे ओढलं आणि, वजन किती उतरलंय बघ तुझं, असं काहीतरी बोलत राहिली. उलट्या तिच्या डोक्यात घर करून बसल्या. त्यानंतरचं त्याचं वाक्य नुसतं कानावरून निघून गेलं.

समितीची बैठक जवळ आली तेव्हा संघाची कर्णधार तिच्या केबिनमध्ये आली. काटक, थोडी फटकळ मुलगी.

"मॅडम, सरांबद्दल बोलायचं होतं."

"माझ्याशी नको. मी त्यांची बहीण आहे. प्राचार्यांना भेट."

"त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं."

"त्यांना म्हणावं, ताईंनी परत पाठवलं."

"मॅडम, फक्त उपांत्य सामन्यात काय झालं तेवढं—"

"मला ऐकायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, घरातल्या घरात ठरवलं."

मुलगी निघून गेली. ताईला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. ते आठवलं की नंतर तिला आपलीच लाज वाटायची.

उपप्राचार्या म्हणून समितीत तिचं नाव होतंच. बैठक सुरू होताना तिनं बाहेर जायची परवानगी मागितली, तर संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "बसा हो ताई. इथं कुणाला माहीत नाही का नातं? मत देऊ नका म्हणजे झालं." ती बसली. तेव्हाच उठून गेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चर्चा बरीच झाली. बाहेरचा उमेदवार अनुभवी होता, दोन कॉलेजांचे संघ त्यानं घडवले होते. पण प्राचार्य धाकट्याच्या बाजूनं चांगलंच बोलले. शेवटी अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "म्हणजे यालाच ठेवू या म्हणता? ठेवू या मग." कागद आवरता आवरता त्यांनी सहज ताईकडे पाहिलं. "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मी बोलणं बरं दिसत नाही."

"मत नको हो. पण तुमच्याइतकं त्याला ओळखणारं इथं दुसरं कोण आहे? आम्हाला माहीत असावं असं काही असेल तर सांगा. नसेल तर प्रश्नच नाही."

नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, हे सगळे मनात म्हणत असणार, ही काय भावाविरुद्ध बोलणार. आणि त्याच वेळी तिला धाकटा दिसला, बाथरूममध्ये वाकलेला, पांढराफटक. त्यातलं कुठलं मन बोललं हे तिला पुढे कधीच नीट उलगडलं नाही. ती बोलली एवढं खरं. अतिशय सरळ, मोजक्या शब्दांत, वार्षिक अहवाल वाचावा तशी. प्रत्येक सामन्याआधी त्याला उलट्या होतात. शेवटच्या टाइम आऊटला त्याला काही सुचलं नाही, डाव कर्णधारानं काढला. त्याच्या तब्येतीला हे झेपेल असं तिला वाटत नाही.

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "ताई, हे सांगायला मन मोठं लागतं," ते म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तेवढ्यापुरतं ताईला खरंच बरं वाटलं.

निर्णय बाहेरच्या माणसाच्या बाजूनं लागला.

दुसऱ्या दिवशी तिच्या केबिनच्या दारावर टकटक झाली. धाकट्यानं इतक्या वर्षांत कधी दार वाजवलं नव्हतं.

"येऊ का, मॅडम?"

ताईनं मान वर केली आणि तिला कळलं, की याला कळलंय.

तो आत आला, बसला नाही. "प्राचार्य म्हणाले, तब्येतीला जप. उलट्यांसाठी त्यांच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे म्हणे."

"अरे, मी तुझ्या काळजीपोटी—"

"माहीत आहे मला."

"मी गप्प बसले असते तर लोकांनी—"

"हो. तेही माहीत आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर ताईला उत्तर देता आलं असतं, लहानपणापासून देत आली होती. "तू खोटं बोलली नाहीस, ताई. पण ते मी तुला सांगितलं होतं. त्यांना नव्हतं सांगितलं."

तो गेला, जाताना दार हळूच लावून.

पुढच्या आठवड्यात ताई कामासाठी म्हणून कोर्टाच्या बाजूनं गेली. नवे सर अजून यायचे होते. मुली आपल्या आपणच सराव करत होत्या, चेंडू न आपटता. कर्णधारानं तिला पाहिलं आणि घाम पुसत कडेला आली.

ताईनं विचारलं, "त्या दिवशी तू काय सांगायला आली होतीस?"

"आता काय उपयोग, मॅडम?"

"तरी सांग."

मुलीनं चेंडू काखेत धरला. "टाइम आऊटला सर म्हणाले, मला काही सुचत नाहीये, तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. असं आम्हाला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मोठे सर तर त्यांचं चुकलं की आमच्यावरच खेकसायचे. आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. मग मी पेन घेतलं. आणि तो डाव लागला, मॅडम. आम्ही पुढे गेलो होतो. नंतर समोरच्या संघातल्या एका पोरीनं शेवटच्या क्षणी अर्ध्या कोर्टावरून चेंडू भिरकावला आणि तो बास्केटमध्ये पडला, त्याला कोण काय करणार? आम्ही ठरवलं होतं, सर राहिले तर पुढच्या वर्षी कुणीच संघ सोडायचा नाही."

"हे समितीला कळायला हवं होतं."

"आम्हाला कुणी बोलावलंच नाही."

ताई तिथून थेट प्राचार्यांकडे गेली. आपलं चुकलं, असं ती आयुष्यात फार वेळा म्हणाली नव्हती. शब्द जुळवताना तिची जीभ अडखळली. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"ताई, त्या माणसानं तिकडची नोकरी सोडली. घर आवरायला घेतलं. आता त्याला काय सांगू?"

ताई उठली.

नवे सर आले. ते वाईट नव्हते. वाईट असते तर ताईला रागावायला कुणीतरी मिळालं असतं. संघ ना वर गेला ना खाली. दोन मुली सोडून गेल्या, तीन नव्या आल्या. स्टाफरूममधले दोन्ही तट महिन्याभरात दुसऱ्याच एका विषयावर पडले. ताईबद्दल मात्र आता सगळे आदरानं बोलायचे. निःपक्षपाती बाई, म्हणायचे. तो शब्द कानावर आला की ती विषय बदलायची.

सहायक म्हणून राहा, असं कॉलेजनं धाकट्याला सुचवून पाहिलं होतं. तो राहिला नाही. दुसऱ्या गावातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागला. निघायच्या दिवशी ताईकडे येऊन जेवला, तिच्या पाया पडला, सामानाच्या गाडीत पुढे बसला. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. नातं तुटलंय असं कुणालाही वाटलं नसतं, कारण ते तुटलं नव्हतं.

दर रविवारी त्याचा फोन येतो. एकदाही चुकलेला नाही. शाळा छान आहे, घर छान आहे, पोरं गुणी आहेत. ताई विचारते, तो सांगतो. एकदा ताईनंच त्याच्याआधी फोन लावला. तो अंघोळीला गेला होता, म्हणून त्याच्या बायकोनं घेतला, आणि बोलता बोलता म्हणाली, ऑपरेशननंतर आता बरेच हिंडूफिरू लागलेत.

"कसलं ऑपरेशन?"

पलीकडे ती गडबडली. "अपेंडिक्सचं हो, वन्सं. झाला आता महिना. तुम्हाला बोलले नाहीत? तुम्हाला उगीच काळजी नको म्हणून नसेल सांगितलं."

"हो, बरोबर आहे," ताई म्हणाली. त्या महिन्यातले सगळे रविवार तिनं मनात उलगडून पाहिले. दर वेळी तो म्हणाला होता, मजेत आहे.

मग तो स्वतः फोनवर आला. केस पुसता पुसता बोलत असावा. शाळेला बास्केटची नवीन रिंग बसवली म्हणाला, जरा खाली बसवली, म्हणजे छोट्यांचाही हात पोचतो. ताईनं ऑपरेशनचा विषय काढला नाही. कुठल्या तोंडानं काढणार होती?

"बाकी काय?" तिनं विचारलं.

"बाकी सगळं ठीक," तो म्हणाला. "तू सांग."