रऊफ मिस्त्रींचे ढीग

रऊफ मिस्त्रींची वाचा गेल्याचं त्यांच्या मुलानं, अशफाकनं फोनवरच सांगून टाकलं होतं. तरी पद्माकर तांडेल आले. मुरूडच्या किनाऱ्यावरून जीप करून थेट कामरगावात.

"बोलता येत नसेल, पण बघता तर येतं ना चाचांना?" उतरता उतरता त्यांनी विचारलं. "नुसतं बोट दाखवलं तरी चालेल मला."

अशफाक त्याच आशेवर होता. त्यानं अंगणात ताडपत्री अंथरली. तांडेलांनी आणलेल्या इंजिनाच्या सामानाच्या गोण्या रिकाम्या केल्या, तसा जुन्या ऑइलचा वास घरभर झाला.

रऊफ मिस्त्रींची उमेदीची सारी वर्षं मुंबईत दारूखाना नावाच्या बंदरभागात गेली होती. जुन्या बोटी तोडतात तिथं त्यांतली इंजिनं खोलायचं काम त्यांनी केलं. गंजलेला तुकडा हातात आला, की तो कोणत्या इंजिनाचा आणि कुठं बसतो ते सांगायचे. म्हातारपणी गावी परतले, आणि मागच्या उन्हाळ्यात लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द उरला, 'हाव', म्हणजे 'हो'. पाणी पाहिजे तरी हाव, नको तरी हाव. त्यांची बायको अमीनाबी चेहऱ्यावरून काय ते ताडायची, तेही निम्म्या वेळा चुकायचं.

तांडेलांच्या वडिलांची लाकडी लाँच होती. तिचं फार जुनं इंजिन त्यांनी दुरुस्तीला खोलायला लावलं. सुटे भाग मिळावेत म्हणून तसंच दिसणारं दुसरं इंजिन भंगारातून आणलं. काम करणाऱ्यानं दोन्हींचं सामान एकत्र केलं आणि तो निघून गेला. इंजिन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दारूखान्यात ज्याला विचारावं, तो रऊफ मिस्त्रींचंच नाव घेई.

अशफाक आणि त्याची बायको यास्मीन, दोघांनी मिळून मिस्त्रींना खुर्चीसकट ताडपत्रीजवळ आणून बसवलं.

मिस्त्रींनी खाली पाहिलं आणि त्यांची मान ताठ झाली. डावा हात पुढे आला. यास्मीननं एक छोटा पितळी पंप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, अंगठ्यानं कड घासली, नाकाशी नेला. मग खुर्चीच्या डाव्या अंगाला ठेवायची खूण केली. पुढचा तुकडा उजवीकडे. त्याच्या पुढचा पुन्हा डावीकडे.

"अब्बा वाटे पाडून राह्यले!" यास्मीन ओरडलीच.

तांडेल गुडघ्यावर बसून एकेक तुकडा देऊ लागले. वॉल्व्ह, बुश, गिअरच्या दातऱ्या, कसल्या कसल्या नळ्या. अमीनाबीनं चुलीवरचा चहा तसाच सोडला आणि दारात येऊन उभी राहिली. आजारपणानंतर नवऱ्याचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता.

मग एक दातरी मिस्त्रींनी दोन्हींकडे न ठेवता पायाशी ठेवायला लावली. त्यापाठोपाठ एक नळी. मग एक बुश.

"अब्बा, इंजनं दोनच हायेत," अशफाक म्हणाला आणि त्यानं दातरी उचलून डाव्या ढिगात टाकली.

"हाव, हाव!" मिस्त्रींनी हात झटकला. दातरी पुन्हा पायाशी.

"थांबा," तांडेल म्हणाले. "तिसऱ्या इंजिनाचं सामान आलंय का यात? भंगारवाल्यानं काही तरी जोडून दिलं असेल. चाचा, ही तिसऱ्याची आहे?"

"हाव."

"का दोन्हीकडे चालते, म्हणून वेगळी काढली?"

"हाव."

"का तुमाले समजून नाही राह्यलं, म्हणून?" यास्मीननं हळूच विचारलं.

"हाव," मिस्त्री म्हणाले आणि तांडेलांचं मनगट धरून सांगायला लागले. मोठ्या माणसानं शिकाऊ पोराला समजवावं तसं सांगत होते. आवाज चढत होता, उतरत होता, मध्ये प्रश्न विचारल्यासारखा थांबत होता. बोट या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जात होतं. सगळं एकाच शब्दात. तांडेल मान डोलवत राहिले. त्यांना काहीच कळत नव्हतं, पण मनगट सोडवून घेणं त्यांच्यानं झालं नाही.

बोलता बोलता मिस्त्रींची नजर अशफाककडे गेली. अशफाकनं खाली पाहिलं. आपलं कुणालाच समजत नाहीये, हे तेवढ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी मनगट सोडलं. वाकून त्यांनी डाव्या ढिगातले तुकडे उजव्या ढिगात टाकले, उजव्यातले पायाशी. मग सगळंच एकत्र लोटलं.

"राहू द्या," तांडेल म्हणाले. "त्रास होतोय त्यांना."

अशफाकनं गोण्या भरायला घेतल्या. तांडेलांनी काही फोटो काढले होते, पण कोणता ढीग खरा, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. शेवटी पितळी पंप दिसेना. तो मिस्त्रींनी मघाशी उचलून मुठीत धरला होता.

"अब्बा, द्या."

मूठ घट्ट झाली.

"अब्बा, ते त्यायचं हाय."

तांडेल अवघडून म्हणाले, "मी त्यांच्याजवळ ठेवला असता हो. पण असला पंप आता कुठं मिळत नाही."

अशफाक बापापुढे उकिडवा बसला आणि एकेक बोट सोडवू लागला. लकव्यातून वाचलेल्या त्या एका हातात एवढा जोर असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. करंगळी सुटली तेव्हा मिस्त्रींनी तोंड फिरवलं. त्यांच्या घशातून आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता.

जीप गेल्यावर अमीनाबी साबण-पाणी घेऊन आली. "एक तुकडा राह्यला असता त काय झालं असतं?"

"त्याच्याबिगर इंजन चालत नाही, अम्मी."

"मंग आता चालन काय?"

अशफाक ताडपत्री झटकू लागला.

मिस्त्रींनी हात धुऊ दिला नाही. काळा झालेला पंजा छातीशी धरून ते बसून राहिले. जेवणही नको म्हणाले, म्हणजे ताट सरकवून दिलं.

पुढे तांडेलांचा फोन आला. लाँचला नवं इंजिन बसवलं होतं. जुनं सामान घरात पेटीत ठेवलंय, म्हणाले. टाकवत नाही. मग त्यांनी चाचांची तब्येत विचारली.

"बरी हाय," अशफाकनं सांगितलं.

फोन ठेवून तो ओट्यावर आला. बाप खुर्चीत जागाच होता. इंजिनाचं सांगावं का, हे त्याला ठरवता येईना. शेवटी न सांगताच तो खाली पायरीवर बसला आणि दोघं सडकेकडे पाहत राहिले.