अर्धवट राहिलेला अर्ज

तपासनीस निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी डोळ्यातला तपास काही निवृत्त झाला नव्हता. एकतीस वर्षं बसमधली विनातिकीट माणसं त्यांनी नुसत्या चेहऱ्यावरून हुडकली होती. त्यामुळे घरात कुणी उगाच हसलं तरी ते चष्मा पुसून नीट बघून घेत.

त्या मंगळवारी नळाला पाणी कमी येतं म्हणून तक्रार करायला ते घरच्या कॉम्प्युटरवर नागरी सेवांची साइट उघडून बसले. एरवी पहिल्याच पाटीशी त्यांचं वाजायचं. ‘आम्ही कुकीज वापरतो. मान्य?’ “विचारून खिसा कापणारे हे पहिलेच!” म्हणत ते नकारावर बोट आपटायचे. आज पाटी आलीच नाही. म्हणजे घरातल्याच कुणीतरी परस्पर मान्य करून ठेवलं होतं. वर भलताच मजकूर झळकला. ‘पुन्हा स्वागत! वृद्धनिवास प्रवेशाचा आपला अर्ज अर्धवट आहे.’

खाली भरलेलं पान होतं. व्यक्ती एक. खोली तळमजल्यावर, कारण गुडघेदुखी. जेवण कमी मिठाचं.

गुडघे त्यांचे, मीठही त्यांचंच बंद. तपासनीसांच्या पायाखालची जमीन सरकली. हयात ज्या घरात काढली तिथून त्यांना उचलायचा बेत चालला होता. ‘पुढे’ असं बटण होतं, पण त्याला त्यांनी हात लावला नाही. दाबलं की अर्ज जाणार आणि उद्या दारात गाडी उभी, अशी त्यांची खात्री होती.

मग तीन दिवस पाळत सुरू झाली. सुनेनं पडदे धुवायला काढले, म्हणजे खोली दुसऱ्या कुणासाठी तयार होत होती. मुलानं ऑफिसातून फोनवर “बाबा, बरे आहात ना?” विचारलं, तर चोराच्या मनात चांदणं. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं, “डोळे उघडे ठेव. सून दिसते तेवढी साधी नाही.” बायको मटार सोलत होती. तिनं पुढची शेंग उचलली.

शनिवारी सुनेला सुट्टी होती. त्यांनी तिला कॉम्प्युटरसमोर उभं केलं.

“सूनबाई, हे काय आहे?”

तिनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “बाबा, शप्पथ, मला यातलं काही माहीत नाही.”

“मग साइटला काय स्वप्न पडलं?”

“अहो, इथं बसून कुणीतरी फॉर्म भरायला घेतला असेल. तो कुठवर आला एवढीच खूण कुकी ठेवते. कोण बसलं होतं हे तिला काय ठाऊक? पुढचं पान बघितलंत का?”

ते तिचा हात धरेपर्यंत तिनं ‘पुढे’ दाबलंसुद्धा. अर्ज कुठेही गेला नाही, नुसतं दुसरं पान उघडलं. स्त्री. वय पासष्ट.

“मी भरलाय तो,” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “माझ्यासाठी.”

“पण गुडघे, मीठ...”

“गुडघे माझेही दुखतात. आणि तुमचं मीठ बंद झालं तेव्हापासून मीही अळणीच जेवते. बारा वर्षं झाली. लक्षात नाही आलं?”

आलं नव्हतं. सून खाली बघत उभी राहिली.

“मी उठले की कुठे निघालीस, आले की कुठे होतीस, इतका वेळ का लागला,” बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “थकले हो मी जाब देऊन. चार दिवस उरलेत, ते तरी कुणी न विचारता बसायचंय.”

तपासनीसांना खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, “हे तुला शिकवलं कुणी?”

बायकोनं पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि चष्मा लावून बसली. तिसऱ्या पानावर विचारलं होतं, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं.

“माझा नंबर सांगू?” त्यांनी हळूच विचारलं.

“पाठ आहे मला,” ती म्हणाली आणि तिनं सुनेचा नंबर घातला.