शेवटचा नग

आमच्या दुकानात शून्य म्हणजे एक, हे दादाला आणि मलाच ठाऊक होतं. प्रत्येक मापाच्या बेअरिंगचा शेवटचा नग दादा कधी विकायचा नाही. वहीत 'शिल्लक नाही' लिहायचा आणि तो नग खणात तसाच ठेवायचा. कुणाचं यंत्र खरोखर बंद पडलं, की मग काढून द्यायचा.

तो गेल्यावर त्याच्या मुलीने दुकान संगणकावर आणलं. वह्या जशाच्या तशा उतरवल्या, म्हणून ती शून्यंही उतरली. पडद्यावर शून्य दिसलं, की मला वाटायचं, मागे खणांच्या बोळात दादा उभा आहे, एका खणावर हात ठेवून. धंदा मात्र चौपट झाला. ज्या गावांची नावं आम्हाला धड उच्चारता येत नव्हती, तिथून मागण्या येऊ लागल्या. दोन कामगारांचे अकरा झाले.

मग एका मोठ्या कंपनीने अट घातली, की खणातला माल आणि पडद्यावरचा आकडा जुळला पाहिजे. मोजणीत सगळं उघड झालं.

"काका, साडेअकराशे खणांत एकेक नग लपवलाय. टाकू ना विक्रीला?"

"तुझ्या बाबांना विचार," मी बोलून गेलो.

"मग मला लांबची रजा टाकावी लागेल," ती हसली. मग तिने माल बांधणाऱ्या पोरांकडे बघितलं.

"अकरा घरं आहेत काका आपल्यावर."

मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही. ते खातं कायम दादाकडे होतं.

तिने कळ दाबली. शून्यांचे एक झाले. दुपारपर्यंत कुठकुठल्या दुकानांच्या संगणकांनी त्यातले तीनशे उचललेसुद्धा. पोरं भराभर माल बांधत होती.

आठवड्याने बर्फाच्या कारखान्यातल्या मिस्त्रीचा फोन आला. "शेठ, पंप बसला. जुनं बेअरिंग आहे, कुठंच मिळेना. संध्याकाळपर्यंत सगळ्याचं पाणी होईल बघा."

मी नंबर टाकला. पडद्यावर शून्य.

"या की, आहे," मी म्हणालो.

तो धापा टाकत आला, तुटलेलं बेअरिंग फडक्यात गुंडाळून. "तुमच्याकडे असणार, माहीतच होतं. थोरल्या शेठनी कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही."

मी बोळात गेलो. खण ओढला. तळाला तेलाचा गोल डाग तेवढा उरला होता. हात आत घालून कोपरे चाचपले, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, की आता शून्य म्हणजे शून्यच.

"सापडलं का हो शेठ?"

"काका, इथे तर नाही दाखवतंय!" पुतणीही ओरडली.

"शोधतोय," मी म्हणालो आणि शेजारचा खण ओढला. त्यातही डागच होता. मग त्याच्या पुढचा ओढला.