झाली का शी?

नातीला एरंडेल पाजायचं की नाही, यावरून म्हाळूआबा आणि त्याची बायको साखराबाई असे तंडत होते की मेंढरंही चरायची थांबली होती. मी नेकनूरच्या आमच्या दुकानातून त्यांचं वाणसामान व्हॅनमध्ये घालून रानातल्या बिऱ्हाडावर गेलो होतो. आमचं दुकान आणि त्यांची मेंढरं, संबंध पिढ्यानपिढ्यांचे. आदल्या सकाळी आबाची सून अंजना दवाखान्याची गाडी पोचायच्या आत तिथंच बाळंत झाली होती. पहिली नात, नाकीडोळी नीटस. पण दूध पाजलं की ओकायची, तेही हिरवंगार. पोट टम्म फुगलेलं. आणि जन्मल्यापासून शी म्हणून नाही.

साखराबाईचं म्हणणं, एरंडेलाचं बोट चाटवलं की पोर मोकळी होईल. आबानं तिच्या हातातली वाटी हिसकावली आणि बांधावर उपडी केली.

"चाळीस वर्सं झाली, कोकराच्या शेपटीखाली बघितल्याबिगर मी भाकर खाल्ली न्हाई," आबा म्हणाला. "पहिल्या दिशी काळी घाण पडली न्हाई अन् हिरवं ओकलं, तर वाट आतच बंद आसती. वरून वतून काय व्हणार हाय? सिद्धाराम, गाडी काढ."

मी काढली. बीडला तपासलं आणि तिथून लगेच मोठ्या शहरात पाठवलं. तिथल्या सर्जन धनश्री मॅडमनी एक्स-रेचा फोटो बघून सांगितलं की आईच्या पोटात असतानाच आतड्याचा एक तुकडा नीट घडला नाही, नळी मध्येच बंद आहे. तेवढा भाग कापायचा आणि दोन्ही टोकं शिवून जोडायची. दोन दिवसांच्या लेकराचं पोट फाडायचं हे ऐकून पोरीचा बाप परमेश्वर सहीचा कागद हातातच घेईना. सही करताना त्याचं मनगट आबानं धरलं होतं.

ऑपरेशन छान झालं. पण मॅडम म्हणाल्या, जोड चालला की नाही ते शी झाल्यावरच कळणार. तोवर तोंडात दुधाचा थेंबही नाही, सगळं सलाईनवर.

झालं, नेकनूरला दुसरा उद्योगच उरला नाही. साखर मागायच्या आधी गिऱ्हाईक विचारायचं, झाली का? एसटीचा कंडक्टर खिडकीतून हात हलवून विचारायचा. तिकडे अंजना दर तीन तासांनी दूध काढून नर्सच्या हाती द्यायची, ते फ्रिजात साठत होतं, आणि ती कोपऱ्यात बसून रडत होती.

चौथ्या दिवशी परमेश्वरचा फोन आला, लंगोट पिवळा झालाय. मी दुकान उघडं टाकून पेढे आणले, चौकात वाटले. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. तासाभरानं दुसरा फोन आला. मॅडमनी लंगोट हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, ही हळद कुणी लावली?

आबानं. लेकराला राखण म्हणून घरून आणलेल्या लंगोटांच्या घड्यांत त्यानं खंडोबाचा भंडारा चोळून ठेवला होता. पोरीनं शू केली आणि रंग फुटला. मॅडम भयंकर चिडल्या, पोटाला ताजे टाके आहेत, बाहेरचं काही आत आणायचं नाही म्हणून बजावलं, सगळे लंगोट फेकायला लावले. आबा मान खाली घालून उभा.

"चुकलं, बाई," तो म्हणाला. "तुमी आत, मी भाईर. मला कायबी बघता येईना. देवाला तरी आत धाडावं म्हणलं."

मॅडम म्हणाल्या, उद्यापासून हात धुऊन, गाऊन घालून रोज पाच मिनिटं आत या. इकडे गावात पेढे मात्र कुणी परत केले नाहीत.

सातव्या दिवशी मी डबा घेऊन गेलतो. आबा हिरवा गाऊन घालून आत होता. अंजनानं लंगोट सोडला. आबा वाकला, बघत राहिला, पण ओरडला नाही. त्यानं नर्सला बोलावलं.

"तुमीच बघा, बाई. माझ्यावर आता कुणी इस्वास ठेवायचं न्हाई."

काळपट हिरवी, चिकट, खरीखुरी शी. नर्सनं बोलावून आणलेल्या मॅडमना हसता हसता तोंडावरचा मास्क सावरता येईना. साखराबाईनं व्हरांड्यातली एक अनोळखी म्हातारी धरली आणि चक्क फुगडी घातली. मी दुकानात फोन केला, तर आमचा भाऊ विचारतो, "मॅडमनं वास घेतला का बे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाचं दूध पोरीला चमच्यानं पाजलं, मोजून पाच मिली. ती गटागटा प्याली. आम्ही सगळे बाहेर काचेला नाक लावून. ओकली नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली, आणि एकाएकी तिनं असं भोकाड पसरलं की सगळी खोली दणाणली. अंजनाचं तोंड पांढरं पडलं. आबा गाऊनचे बंद बांधायचेही सोडून आत धावला.

"मामा, आता काय झालं वो हिला?" मागोमाग आलेल्या अंजनानं सासऱ्याला विचारलं.

आबानं पोरीच्या पोटावर हळूच दोन बोटं ठेवली. पोट मऊ होतं. तिनं मान वळवली आणि त्याच्या बाहीचं टोक तोंडात धरायला बघू लागली.

"काय न्हाई झालं, पोरी," आबा म्हणाला. "भूक लागलीय तिला." आणि तिथंच पाळण्याला धरून रडायला लागला.