बंद करण्याचा सभ्य शब्द

१९९४ साली, विद्यापीठाचा नामविस्तार होऊन महिनाही उलटला नव्हता, तेव्हा जिंतूरजवळच्या एका दूध संघात कारकून पार्वतीबाईंनी संगणकावरचं फडकं काढलं आणि अध्यक्ष माणिकरावांनी शेजारी खुर्ची ओढली. बौद्ध वस्तीतल्या लोकांनी नामविस्ताराच्या आनंदात गावातून निळे झेंडे मिरवले होते. आता त्यांचं दूध घ्यायचं नाही, असं संचालकांनी तोंडीच ठरवलं. कागदावर काही यायला नको म्हणून ते काम संगणकाच्या गळ्यात मारलं.

संगणकाचा प्रोग्राम नांदेडच्या बन्सीधरने लिहिला होता; तोही तिथेच उभा होता. सभासदाचं नाव निवडून खातं बंद करायची कळ दाबली की पडद्यावर ‘किल’ उमटे.

“किल?” माणिकराव दचकले. “उद्या तपासणीला कुनी आलं तर काय म्हनंल?”

“टर्मिनेट करू?” बन्सीधरने विचारलं.

“लयच कडक वाटायलंय.”

“डिसेबल?”

“त्यो अपंगांचा शब्द हाय. सरकारी.”

“मग अबॉर्ट?”

“अरे, बाई बसल्यात हितं!”

पार्वतीबाई इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या. हा तमाशा त्या मघापासून ऐकत होत्या. यांना लोकांच्या पोटावर पाय द्यायचा होता, आणि तोही मोजे घालून.

“‘टर्न ऑफ’ लिहा,” त्या तुसडेपणाने म्हणाल्या. “दिवा बंद करतो तसं. कुणालाच लागत नाही.”

बोलणं झोंबेल असं त्यांना वाटलं होतं. माणिकराव उलट खूश झाले.

“याला म्हनत्यात शिक्षन! बन्सीधर, बाईंसाठी पेशल चहा सांग.”

चहा आला. पार्वतीबाईंनी तो प्यायला, कप बाजूला सरकवला आणि वस्तीतलं एकेक नाव निवडून कळ दाबत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली सरजाबाई दुधाची किटली घेऊन खिडकीशी आली. दोन म्हशींवर तिचं घर चाललं होतं.

“तुमचं खातं बंद दिसतंय,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“कुनी केलं?”

पार्वतीबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. “यात तसं आलंय.”

सरजाबाई वाकून पडदा बघत राहिली.

“ह्या डबड्याला आमची वस्ती कुनी दावली गं, बाई?”

रांगेत कोणीतरी हसलं. खातं पुन्हा चालू करायला एक कळ पुरेशी होती. पार्वतीबाईंचा हात तिथवर गेला. दारात माणिकराव उभे होते. हात परत मांडीवर आला.

“पुढचे या,” त्या म्हणाल्या.

सरजाबाईने त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि किटली उचलली.

माणिकराव पुढे जिल्हा परिषदेवर निवडून गेले, आणि पडलेही. बन्सीधर पुण्याला गेला, तिकडचाच झाला. सरजाबाईने दूध जिंतूरच्या हॉटेलांना घातलं. मग तिच्या लेकाने बसस्टँडवर स्वतःचं हॉटेल टाकलं. पार्वतीबाई संघातूनच निवृत्त झाल्या. प्रवासात जिंतूरच्या बसस्टँडवर गाडी थांबली की सगळे त्या हॉटेलात चहाला उतरत. पार्वतीबाई तेवढ्या गाडीच्या खिडकीचा पडदा ओढून बसून राहत.