आधी सत्कार, मग घाट

श्यामसुंदरांचा सत्कार ते निघायच्या चार दिवस आधीच उरकला. सोसायटीच्या कमिटीची मुदत रविवारी संपत होती, आणि मुलुंड ते महाबळेश्वर सायकलने जाणाऱ्या सभासदाला शाल घालायचा मान नव्या कमिटीने पटकावावा, हे सेक्रेटरी विद्याधरांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे शाल झाली, श्रीफळ झालं, दोन भाषणं झाली आणि काचेचं स्मृतिचिन्हही झालं. त्यावर कोरलं होतं, ‘अंबेनळी घाट सायकलने सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. घाट अजून आपल्या जागी होता.

सुहासिनींनी ते चिन्ह घरी आणून खोक्यासकट कपाटात साड्यांखाली ठेवलं.

“मी शोकेसमध्ये जागा केलीय,” श्यामसुंदर म्हणाले.

“आधी जाऊन या.”

नवऱ्याच्या हौसेला त्यांचा विरोध नव्हता, पण नवरा त्यांना ठाऊक होता. लिफ्ट बंद पडली की हा माणूस चौथ्या मजल्यावर येताना प्रत्येक मजल्यावर थांबे आणि लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचे. तीस वर्षांत त्या पाट्या त्याला तोंडपाठ झाल्या होत्या. दम लागला असं म्हणायची मात्र सोय नव्हती.

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदरांनी घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर सोडलं आणि इकडे सुहासिनींच्या हॉलमध्ये अर्धी बिल्डिंग जमली. श्यामसुंदरांनी सोसायटीच्या ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकलं होतं. विद्याधरांनी आपला फोन टीव्हीला जोडला, आणि नकाशावरच्या नागमोडी रस्त्यावर श्यामसुंदरांचा गोल फोटो मिशांसकट चढू लागला. लोक पोहे खात घाट बघत होते.

फोटो दहा मिनिटं सरके आणि पाच मिनिटं थांबे. सरके, थांबे. सुहासिनींना बरं वाटत होतं. घाटात पाट्या नसतील, पण झाडं तर असतील.

अकराच्या सुमारास फोटो एका वळणावर वीस मिनिटं थांबला. मग निघाला तो निघालाच.

“काकांना सूर सापडला,” विद्याधर म्हणाले. “बघा, चाळीस मिनिटं झाली, ब्रेक नाही. याला म्हणतात स्टॅमिना.”

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सुहासिनींनी चहाचा ट्रे खाली ठेवला, स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि फोन लावला.

“टेम्पो आहे का ट्रक?” त्यांनी विचारलं.

पलीकडे इंजिन ऐकू येत होतं.

“टेम्पो,” श्यामसुंदर म्हणाले. “स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट घेऊन वर चाललाय. जयवंत म्हणून ड्रायव्हर आहे, चांगला माणूस आहे. त्याला म्हटलं, सायकलच्या स्पीडने चालव. बिचाऱ्याची गाडी दोनदा बंद पडली. तुला कसं कळलं?”

“चाळीस मिनिटांत एकदाही थांबला नाहीत.”

“गुडघे संपले गं, सुहास. खरंच संपले. तिथे सगळे बसलेत ना?”

“बसलेत. टाळ्या वाजवतायत.”

“सांगू नकोस कोणाला.”

सुहासिनींना त्यांची फार दया आली. एरवी सत्तर वेळा बढाया मारणारा माणूस आज लहान मुलासारखं विनवत होता. पण त्यांना ते साड्यांखालचं खोकंही दिसत होतं.

“नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “गुडघे गेले असतील तर सरळ घरी या, मी तेल लावून देईन. कोणी काही म्हटलं तर मी बघते. पण शोकेस मी पुसते. ते वाक्य रोज वाचत पुसणं माझ्याच्याने नाही व्हायचं.”

फोन बंद झाला. त्या बाहेर आल्या तेव्हा फोटो थांबला होता. मग तो उलटा फिरला आणि भराभर घाट उतरू लागला.

“अरे, काका खाली कुठे चालले?” विद्याधर खुर्चीतून उठले. “वाट लागली. महाबळेश्वर वर आहे ना?”

“काहीतरी विसरले असतील,” सुहासिनी म्हणाल्या.

फोटो त्याच वळणापर्यंत खाली आला, जिथे तो वीस मिनिटं थांबला होता. तिथे तो पुन्हा थांबला. सुहासिनी उभ्याच होत्या. पाच मिनिटांनी तो वळला आणि घाट चढू लागला, मघापेक्षाही हळू. दोन वळणं गेला की थांबे. पुढेपुढे तर एकेका वळणालाच थांबू लागला. सायकल हातात धरून चालत असणार.

लोकांना कंटाळा आला. दुपारी एकेक जण जेवायला उठला. “काकांनी सकाळचा फॉर्म घालवला,” असं म्हणत विद्याधर आपला फोन काढून घेऊन गेले. सुहासिनींनी स्वतःच्या फोनवर नकाशा उघडला आणि ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. तो थांबला की त्या हातातलं काम थांबवत, निघाला की पुन्हा पोळी लाटत.

संध्याकाळी सहाला फोन आला.

“पोचलो,” श्यामसुंदर म्हणाले. त्यांना बोलवत नव्हतं. “पण सुहास, शेवटचे अकरा किलोमीटर सायकल मी ढकलली. चिन्हावर ‘सायकलने’ असं लिहिलंय.”

“सायकल बरोबर होती ना?”

“होती.”

“मग झालं.”

त्यांनी कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या आणि चिन्ह खोक्यातून बाहेर काढलं. नव्या कोऱ्या काचेवर धुळीचा कणही नव्हता, तरी त्यांनी ती पदराने पुसली, त्यावरचं वाक्य सावकाश वाचत.